पुढच्या खोलीची पट्टी

बाबांचा पगार एका जागी थांबलाय हे आम्हा भावंडांना कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. ते आम्ही ताटावरून ओळखलं. आधी तुरीचं वरण पातळ झालं, मग तुरीच्या जागी लाखोळीची डाळ आली, मग सकाळच्या चहातलं दूध गेलं. रविवारी अंडी यायची, ती क्वचित येऊ लागली, आणि आली त्या दिवशी आई रस्सा इतका वाढवायची की पळीनं अंडं शोधावं लागे. आईनं याबद्दल कधी तक्रार केली नाही आणि कधी समर्थनही केलं नाही. पावसाळ्यात ती रेल्वेच्या मोकळ्या जागेतून तरोट्याची कोवळी पानं खुडून आणायची, भरपूर लसूण घालून परतायची आणि आमच्या पुढ्यात ठेवताना म्हणायची, "खा, इकत आनली नाई म्हनून चव कमी होत नाई." आजही बाजारात तरोट्याची जुडी दिसली की मी थांबते. आता ती विकत मिळते, आणि स्वस्तही नसते.

बाबा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सरकीच्या तेलाच्या कारखान्यात मशीनवर होते. आमचं घर यवतमाळात, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. त्यांच्या अंगाला तेलाचा आणि ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, वास असायचा, तो साबणानं जायचा नाही. त्यांच्या उशीला, त्यांच्या टॉवेलला, इतकंच काय त्यांच्या जेवणाच्या ताटालाही तो होता असं मला वाटे. दिवाळीच्या आधी कामगार शेठजींकडे जात आणि पगारवाढीचं विचारत. भाव पडलेले असले तर शेठजी म्हणत, यंदा भाव पडला. भाव चढलेले असले तर म्हणत, सरकी महाग पडली. पुढच्या साली पाहू, हे दोन्ही वर्षी सारखं असे. बाबा मिठाईचा डबा घेऊन घरी येत. आई डबा उघडून आधी आम्हाला एकेक पेढा देई आणि नंतर विचारी, "काय म्हने शेठ?" बाबा चपला काढता काढता सांगत, "पुढच्या साली."

पगार थांबला तरी बाकी काही थांबलं नव्हतं. विजेचं बिल वाढलं, गॅसची टाकी वाढली. नळाला पाणी कधी यायचं याचा नेम नव्हता, पाणीपट्टी मात्र नेमानं यायची. घरपट्टीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात आणखी काही कर असत, त्यांत एक झाडांचा कर होता. आमच्या अंगणात एकच कडुनिंब होता, बाबांनी स्वतः लावलेला. आईला पहिल्यांदा त्या कराचा अर्थ समजला तेव्हा ती बराच वेळ कडुनिंबाकडे पाहत राहिली. "ह्या झाडाले पानी मी टाकलं," ती म्हणाली, "अन् पट्टी भी मीच देऊ?" बाबांनी तिला समजावून सांगितलं की तो कर ह्या झाडाचा नाही, गावातल्या सगळ्या झाडांचा आहे. "गावातल्या झाडाइची सावली गावाले," आई म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

त्या वर्षी मी बारावी पास झाले. डी.एड.ला नंबर लागेल इतके गुण होते. त्याच सुमारास गल्लीत बातमी आली की नगरपरिषद सगळ्या घरांची नव्यानं मोजणी करून पट्टी पुन्हा ठरवणार आहे. माझी फी आणि नवी पट्टी, दोन्ही एका पावसाळ्यात येणार होत्या. बाबांनी सायकलच्या टायरला ठिगळ लावलं, सिद्धूच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बुटांना लावलं. पण ठिगळ लावून भागेल असं आता काही उरलं नव्हतं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "पुढची खोली भाड्यानं देऊ."

बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला नाही, चावणं मात्र थांबवलं.

ती खोली त्यांची होती. घर सगळ्यांचं, पण ती खोली त्यांची. मागची खोली आणि टिनाचं स्वयंपाकघर गवंड्यानं बांधलेलं. पुढची खोली त्यांनी स्वतः, सुट्टीच्या दिवशी, एकेक वीट रचून उभी केली होती. फरशी बसवताना गुडघे सोलले होते ते त्यांनी आम्हाला अनेकदा दाखवले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. रविवारी सकाळी गल्लीतले लोक तिथं वंदनेला जमत. बाबांचा आवाज चांगला होता आणि त्रिशरण त्यांच्या तोंडून सुरू होई. कारखान्यात ते मशीनवरचे एक होते. त्या खोलीत लोक त्यांची वाट पाहत.

तीन-चार दिवसांनी, रविवारी वंदना झाल्यावर लोक उठायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारपासून आपण मागं अंगनात बसू. झाडाखाली हवा भी चांगली लागते." कुणी "काहून?" म्हणूनही विचारलं नाही. सगळ्यांच्या घरी तेच चाललेलं होतं. लोक गेल्यावर बाबांनी तसबिरी उतरवल्या, धुतलेल्या कापडात गुंडाळल्या आणि मागच्या खोलीत नेल्या.

भाडेकरू आली ती सविता राठोड. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबपासून आत तिचा तांडा होता. यवतमाळात एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सावळी, उंच, चालताना चप्पल वाजणार नाही अशी चालणारी. एक पेटी, एक स्टोव्ह, एक गुंडाळलेली सतरंजी आणि सेवालाल महाराजांचा फोटो एवढं सामान. तसबिरींचे खिळे भिंतीत तसेच होते. तिनं बाबांना विचारलं, "काका, इथं लावू का?" बाबा म्हणाले, "खोली तुही हाये आता." पण ती फोटो लावत होती तेव्हा ते अंगणात जाऊन उगाच सायकलची चेन पाहत बसले.

आम्ही चौघं मागच्या खोलीत आलो. सुरुवातीला सगळ्यांचे पाय सगळ्यांना लागायचे. हळूहळू प्रत्येकाला आपला कोपरा सापडला. पुढच्या खोलीतून नवे आवाज येऊ लागले: सविताच्या स्टोव्हचा पंप, तिचा लहानसा रेडिओ, पहाटेच्या ड्यूटीला निघताना हळूच सरकवलेली कडी. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिची आई यायची तेव्हाचा छनछनाट. सविता तिला याडी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आरशांची चोळी, म्हणजे कांचळी, घागऱ्यासारखी घेरदार फेटिया, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती दारव्ह्याच्या एसटीतून उतरून गल्लीत शिरली की पोरं मागं लागत. डोक्यावरच्या गाठोड्यात ज्वारीचं पीठ, वाळलेल्या मिरच्या, कधी जवस. याडीला मराठी समजायची, बोलायला फारशी यायची नाही. माझ्या आईला बंजाऱ्यांची गोरमाटी अजिबात येत नव्हती. तरी त्या दोघी अंगणात बसून तासन्‌तास बोलायच्या. एकदा मी ऐकत बसले तर आई राळेगावकडच्या कापूस वेचणीबद्दल सांगत होती आणि याडी बहुतेक तिच्या गायीबद्दल. दोघींनाही काही अडचण वाटत नव्हती.

भाडं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येई. सविता ते आईच्या हातात देई आणि आई ते तांदळाच्या डब्यात ठेवी. माझी पहिल्या सत्राची फी त्यातून भरली गेली. मी कॉलेजला जाऊ लागले. मला आठवतं, त्या महिन्यात आईनं पुन्हा तुरीचं वरण केलं होतं, आणि बाबांनी दोनदा मागून घेतलं.

मोजणीवाले येण्याआधीच गल्लीला ठाऊक होतं की भाड्यानं दिलेल्या खोलीवर पट्टी जास्त लागते. त्यावर गल्लीनं तोडगाही काढलेला होता: भाडेकरू नाही, नातेवाईक. कोपऱ्यावरच्या सुमनकाकूच्या घरी दोन बँकेतली पोरं राहत, ती कागदोपत्री तिचे भाचे झाली होती. आईनं आम्हाला बजावून ठेवलं, "इचारलं तं सांगायचं, मावशीची पोरगी हाये, नोकरीसाठी राहून राह्यली." सविताला हे सांगताना आईला जरा अवघड झालं. सविता हसली. म्हणाली, "मावशी तं म्हनतोच न मी तुमाले."

मोजणीचा माणूस दुपारी आला. बाबा कामावर, सविता ड्यूटीवर. सोबत टेप धरायला एक शिपाई. माणूस चांगला होता. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायला, मागची खोली, स्वयंपाकघर मोजलं, आकडे लिहिले. पुढच्या खोलीच्या दाराशी आला तेव्हा दार उघडं होतं, कारण याडी आदल्या दिवशी आलेली होती. ती उंबऱ्यात बसून मिरच्यांचे देठ काढत होती. आरसे उन्हात चमकत होते.

"इथं कोण राहतं?" त्यानं आईला विचारलं.

"माह्या बहिनीची पोरगी," आई म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, फक्त थोडा घाईचा.

त्यानं याडीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "मग या तुमच्या बहीण का?"

आईनं या प्रश्नाचा विचारच केलेला नव्हता. पोरगी नातेवाईक म्हणून चालली असती. याडीला तांड्याबाहेरच्या कुणाची बहीण ठरवणं कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

याडी एवढा वेळ ऐकत होती. तिला काय कळलं ते तिचं तिलाच ठाऊक, पण मला वाटतं तिला एवढंच कळलं की साहेब आपल्या पोरीच्या राहण्याबद्दल विचारतो आहे आणि घरमालकीण उत्तर द्यायला कचरते आहे. तिला वाटलं असावं, पोरगी फुकट राहते असा संशय आहे. ती उभी राहिली. मिरच्या फेटियातून खाली सांडल्या. छातीवर हात ठेवून ती त्या माणसाला ठामपणे म्हणाली, "भाडो दां छां. हर महिना. फुकट कोनी."

भाडं देतो, फुकट नाही, हे साहेबालाही समजलं. शिपायाला हसू आलं. साहेब हसला नाही. त्यानं आईकडे पाहून विचारलं, "किती देतात?" आईनं एकदा याडीकडे पाहिलं. याडीचा चेहरा समाधानी होता. आपण पोरीची अब्रू राखली हे त्यावर स्पष्ट दिसत होतं. आईनं खरा आकडा सांगितला.

ते गेल्यावर आई खाली बसली आणि याडीच्या सांडलेल्या मिरच्या वेचू लागली. याडीही वेचू लागली. मी वाट पाहत होते की आई आता काही बोलेल. ती एवढंच बोलली, "बरोबर सांगतलं तुमी. फुकट नाई राहत तुमची पोरगी." याडीनं मान हलवली. संध्याकाळी सविता आली आणि तिला सगळं कळलं, तेव्हा ती रडकुंडीला आली. आईला म्हणाली, मी दुसरी खोली पाहते. आईनं तिला चहा दिला, दुधाचा. "तुनं कायले जा लागते? खोटं मी बोलली होती. तुह्या आईनं तं खरं सांगतलं."

नवी पट्टी आली ती बाबांनी दारात उभ्या उभ्या वाचली. भाड्यातला मोठा भाग तिच्यातच जाणार होता. स्वयंपाकघर टिनाचं असताना स्लॅबचं लिहिलेलं होतं. हरकत असेल त्यांनी अमुक दिवशी हजर राहावं असं खाली होतं. बाबांनी आयुष्यात कधी हरकत घेतली नव्हती. त्यांनी त्या दिवसाची रजा टाकली, म्हणजे त्या दिवसाचा पगार सोडला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी सोबत गेले, कारण अर्ज मी लिहिला होता.

नगरपरिषदेच्या सभागृहात पुष्कळ लोक होते. एकेकाचं नाव पुकारलं जाई. पुढच्या टेबलाशी अधिकारी बसलेले, शांत स्वभावाचे, डोळ्यांखाली काळं. आमचं नाव आलं तेव्हा बाबा उठून गेले आणि हात जोडून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले. टिनाचं मान्य केलं. मोजणीवाल्याकडून चूक झाली म्हणाले आणि तिथल्या तिथं दुरुस्त केली. भाड्याचं मात्र होणार नाही म्हणाले. "भाडं येतं तर कर लागणार. नियम आहे. आणि काका, सगळ्याच गोष्टींचे भाव वाढले, पट्टी कशी तशीच राहील?"

मला वाटलं बाबा आता नमस्कार करून मागं फिरतील.

"सायेब, तुमचं खरं हाये," ते म्हणाले. "विजेले माहीत हाये भाव वाढले म्हनून. पान्याले माहीत हाये. पट्टीले माहीत हाये. माह्या पगाराले कोनी सांगतलंच नाई अजून."

मागच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, माह्याही पगाराले नाई सांगतलं. बाबांना हसवायचं नव्हतं. हशानं ते गोंधळले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ते माझ्या हातात नाही, काका." "नाई, मले माहीत हाये," बाबा म्हणाले. दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला. परतताना बाबांच्या चालण्याचा वेग वाढला होता. मला मागून जवळजवळ पळावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ते शेठजींकडे गेले, दिवाळीची वाट न पाहता आणि एकटेच. काय झालं ते त्यांनी जेवताना सांगितलं. शेठजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली होती. चहाही दिला. म्हणाले, भीमराव, तुम्ही जुने आहात, तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही. "मी जायचं कुठं म्हनलं?" बाबा आईला विचारत होते, जणू तीच शेठ होती. "मी पगाराचं म्हनलं न?" आई त्यांच्या ताटात भाकरी वाढत राहिली. त्या आठवड्यात ठरलं की मी दुसऱ्या सत्राला एक वर्ष थांबायचं. हे कुणी जाहीर केलं नाही. फीची तारीख जवळ येत गेली आणि कुणी तिच्याबद्दल बोलेना.

पुढं मी शिक्षिका झाले, माझ्या पगाराला महागाई भत्ता लागला. वर्षातून दोनदा तो वाढतो, मागणी न करता. शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा चालते तेव्हा मी सहसा गप्प असते.

तोडगा सविताकडून आला, आणि आईसाठी आला. सविताच्या दवाखान्याच्या, नर्सिंग शिकणाऱ्या पोरींच्या होस्टेलमध्ये मेस होती, तिथली भाकरी करणारी बाई सोडून गेली होती. सकाळी जायचं, दुपारपर्यंत मोकळं. सविता आईला हे सांगत होती तेव्हा बाबा अंगणात होते. त्यांनी ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "नाई."

बाबांच्या त्या 'नाई'ला कारण होतं. माझी आजी लोकांच्या वावरात निंदायला जायची. संध्याकाळी मजुरी देताना मालक तिला ओंजळ धरायला लावी आणि हात लागू नये म्हणून पैसे वरून सोडी. एखादं नाणं खाली पडे, ते ती मातीतून उचले. बाबा लहानपणी तिच्यासोबत उभे असत. लग्न झालं तेव्हा त्यांनी आईला एकच शब्द दिला होता, की तुला मजुरीला कुणाच्या वावराच्या धुऱ्यावर जावं लागणार नाही. तो त्यांनी पाळला होता, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यात त्यांना ज्या थोड्या गोष्टी जमल्या असं वाटे त्यांतली ती एक होती.

आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती तेच बोलत राहिली, भाजी चिरताना, पाणी भरताना, त्यांच्याकडे न पाहता. "धुऱ्यावर नाई जात मी. छताखाली जातो." मग, "भांडे नाई घासा लागत. भाकरी करा लागते. घरी करतो तं काय फरक हाये?" शेवटी एका सकाळी बाबा दाढी करत होते. आई त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. आरशात दोघंही दिसत होते.

"पोरीचं वर्ष जाऊन राह्यलं," आई म्हणाली. "तुमी शब्द देल्ला तवा मले इचारलं होतं का, तुले काय पाह्यजे म्हनून?"

बाबांचा वस्तरा गालावर थांबला. "काय पाह्यजे होतं तुले?" त्यांनी विचारलं. मला वाटतं त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"तवा माहीत नव्हतं. आता पोरगी शिकली पाह्यजे."

बाबांनी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं, पुसलं. मग म्हणाले, "पैसे हातात देतात का तिथं?"

"सही घेतात अन् हातात देतात," सविता पुढच्या खोलीतून म्हणाली. ती ऐकत होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

आई गेली. पहिल्या दिवशी तिनं लग्नातली निळी साडी नेसली, जी भाकरी थापायला अगदीच निरुपयोगी होती. संध्याकाळी तिच्या काठावर पीठ वाळलेलं होतं. खांदे दुखत होते, हाताला चटके होते, आणि ती न थांबता बोलत होती: चुलीबद्दल, पोरींबद्दल, केरळच्या एका पोरीला भाकरी कशी मोडायची ते माहीत नव्हतं त्याबद्दल. आम्ही तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बाबा ऐकत होते. त्यांनी त्या संध्याकाळी भात लावला होता. तो खाली लागला होता, आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

माझी फी वेळेवर भरली गेली. आईचा तिथला पगारही पुढं कित्येक वर्षं वाढला नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर कुणाला वाटेल की सगळं मार्गी लागलं. दोन थांबलेले पगार एका थांबलेल्या पगारापेक्षा बरे असतात, एवढंच.

तिच्या पैशातून पहिली मोठी गोष्ट भरली ती पट्टी. ती स्वतः गेली, मेसमधून सुटल्यावर, कुणालाही सोबत न घेता. जेवताना तिनं सांगितलं की खिडकीवरच्या बाबूनं नाव विचारलं, तिनं आपलं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, बाई, ह्या नावाचं घर नाही. मग तिनं बाबांचं नाव सांगितलं तेव्हा सापडलं. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. गंमत म्हणून सांगत होती, आणि सिद्धू हसलाही. बाबा पाणी प्यायले आणि हात धुवायला उठले.

पुढच्या वर्षी सविता सरकारी नोकरी लागून दिग्रसला गेली. निघताना याडीनं आईला आपल्या हातची एक पांढरी बांगडी घालायला दिली. ती आईच्या मनगटाला सैल होती, कोपराशी नेली तेव्हा बसली. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. आणि पट्टी आली. बाबा नेहमीप्रमाणे दारात उभं राहून ती वाचू लागले, पण त्या दिवशी मोठ्यानं. रकमेआधी ते नाव वाचत होते: भीमराव सखाराम नगराळे, आणि यशोदा भीमराव नगराळे. मधल्या काळात कधीतरी त्यांनी स्टँपपेपर घेतला होता, दोन साक्षीदार नेले होते, एक-दोन दिवसांचे पगार सोडले होते, आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

आई दाराशी आली. तिला वाचता येत होतं, सावकाश. तिनं कागद बाबांच्या हातातून घेतला, आपल्या नावावर बोट फिरवत ते पूर्ण वाचलं, मग खाली उतरत रकमेपर्यंत गेली.

"म्हंजे थकली तं नोटीस माह्याही नावानं येईन," ती म्हणाली.

"येईन न," बाबा म्हणाले.

"थकू देत नाई मी," आई म्हणाली, आणि कागद घडी करून आपल्या कमरेला खोचला.